चाकांवरचे घर आणि टायरचे वय

पनवेल मागे टाकून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे निघाले की वाटेत चौक लागते. खालापूर तालुक्यातील या गावापासून डावीकडे कर्जतचा रस्ता फुटतो, सरळ पुढे गेल्यावर बोरघाटाचा पायथा येतो आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही जवळूनच जातो. शनिवार-रविवारी कर्जतच्या फार्महाउसकडे वळणाऱ्या मोटारींच्या रांगेत आता एखादी कॅराव्हॅनही, म्हणजेच मोटारहोमही, दृष्टीस पडते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानंतर या चाकांवरच्या घरांविषयी शहरी पर्यटकांचे कुतूहल वाढले. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या वाहनाच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या बसवून हे घर तयार होते. त्याच्या अंतर्गत सजावटीची चर्चा भरपूर होते. ज्या चार किंवा सहा टायरवर ते उभे असते त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

वास्तविक हा विषय जिवाशी गाठ घालणारा आहे. जून २०१६ मध्ये द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग येथे पंक्चर झालेल्या टायरमुळे मोटार थांबली होती. मागून आलेल्या खासगी बसने तेथे थांबलेल्या मोटारींना धडक दिली आणि सतरा जणांचा बळी गेला. भरवेगात टायर फुटणे हा एक धोका, तर टायर बसल्यामुळे वेगवान रस्त्याच्या कडेला थांबावे लागणे हा दुसरा. मोटारहोममध्ये अख्खे कुटुंब असते, वाहन उंच व जड असते. त्यामुळे दोन्ही धोके अधिक गंभीर ठरतात.

न झिजताच म्हातारा होणारा टायर

रोज धावणाऱ्या मोटारीचा टायर बहुधा झिजून संपतो. खाचा उथळ झाल्या, नक्षी पुसट झाली की मालकाला ते डोळ्यांनी दिसते. मोटारहोमचे तसे नाही. वर्षातून काही सहली आणि उरलेले महिने अंगणात किंवा फार्महाउसच्या आवारात मुक्काम, असे तिचे आयुष्य. पाच-सहा वर्षांनंतरही टायरच्या खाचा जवळजवळ नव्यासारख्या खोल दिसतात आणि मालक निर्धास्त राहतो. नेमकी येथेच फसगत होते.

रबर हवेतील प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे हळूहळू कडक होत जाते. ते टिकावे म्हणून कारखान्यात त्यात संरक्षक रसायने व विशिष्ट मेण मिसळतात. टायर फिरतो तेव्हा दबतो, फुलतो आणि हे मेण पृष्ठभागावर येत राहते. महिनोन् महिने उभ्या असलेल्या वाहनात ही क्रिया मंदावते. मग टायरच्या बाजूंवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. आतील पट्टे आणि रबर यांची पकड सैल होते, ती तर बाहेरून दिसतही नाही. असा टायर पूर्ण भार, जास्त वेग आणि दुपारचे ऊन एकत्र आले की दगा देतो.

ब्रिटनमध्ये २०१२ साली एका बसच्या भीषण अपघातानंतर तिचा पुढचा टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना असल्याचे उघड झाले. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे बस व मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी आली. आपल्याकडील नियम प्रामुख्याने खाचांच्या खोलीकडे पाहतो. चारचाकीसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायरची तपासणी सुरू केली, तिचाही रोख गुळगुळीत टायरवर होता. ती तपासणी आवश्यकच आहे. तथापि, मोटारहोमचा जुना टायर अशा तपासणीतून सहीसलामत सुटू शकतो. म्हणून त्याची परीक्षा मालकालाच घ्यावी लागते.

चार आकड्यांची जन्मतारीख

प्रत्येक टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुमारास तयार झाला. हे आकडे कित्येकदा टायरच्या एकाच बाजूला असतात. समोरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला पाहावे.

टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असा काही प्रमुख उत्पादकांचा सल्ला आहे. आपल्याकडील उन्हाळा आणि मोटारहोमचा सततचा भार ध्यानात घेता सहाव्या-सातव्या वर्षीच बदलाचा विचार करणे शहाणपणाचे. वय हेच कारण असेल तर सगळे टायर एकदमच म्हातारे झालेले असतात. दोन बदलून दोन ठेवण्यात अर्थ नाही. स्टेपनीचे वयही तेवढेच असते, हे विसरले जाते.

नवा टायर घेतानाही तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला, तरी त्याच्या उपयुक्त आयुष्यातील दोन वर्षे आधीच सरलेली असतात.

आधी वजनकाटा, मग दुकान

मोटारहोमचा दुसरा विशेष म्हणजे तिचा भार कधीच उतरत नाही. मालमोटार माल पोहोचवून रिकामी परतते. चाकांवरचे घर मात्र अंगणात उभे असतानाही भरलेलेच असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात बॅटऱ्या, गॅस सिलिंडर, शीतकपाट, छपरावरील वातानुकूलन यंत्र, कपडेलत्ते आणि माणसे मिळवली की मूळ कंपनीने कल्पिलेली वजनाची विभागणी बदलून जाते. ओटा आणि टाकी एकाच बाजूला असेल तर डावी-उजवी बाजूही समान राहत नाही.

म्हणून टायर निवडण्यापूर्वी गाडी प्रवासाला निघताना भरतो तशी पूर्ण भरावी आणि महामार्गालगतच्या एखाद्या वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी, शेवटी फक्त मागची चाके. शक्य असल्यास डावी-उजवी बाजूही वेगळी तोलावी. ही वजने हाती आली की निम्मे काम झाले.

समजा, मागच्या अ‍ॅक्सलवर २,४०० किलो भार आहे आणि तेथे दोनच चाके आहेत. प्रत्येक टायरच्या वाट्याला १,२०० किलो आले. टायरवर छापलेला भार निर्देशांक ११२ असेल तर त्याची क्षमता १,१२० किलो, म्हणजे अपुरी. ११६ असेल तर १,२५० किलो, म्हणजे जेमतेम पुरेशी. एक बाजू जड असेल तर तीही कमी पडेल. जोडचाके असतील तर हाच भार चौघांत वाटला जातो, परंतु जोडीत टायरची क्षमता थोडी कमी धरतात. म्हणूनच '११२/११०' असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला एकट्या चाकासाठी, दुसरा जोडीतील चाकासाठी.

अर्थात, अधिक क्षमतेचा टायर बसवला म्हणून अ‍ॅक्सल, ब्रेक आणि स्प्रिंग यांची ताकद वाढत नाही. आरसी बुकात नोंदलेल्या एकूण वजनाची मर्यादा कायमच राहते. ती ओलांडली जात असेल तर उपाय टायरच्या दुकानात नाही. सामान कमी करण्यात आहे.

टायरवरची अक्षरे

'२१५/७५ आर १५' या मजकुरात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ ही रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी, 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत असतो. वाहनाच्या मूळ मापापासून ढळू नये. २१५ ऐवजी २२५ घेतला तर चाकाचा व्यास सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो आणि जोडचाकांमधील फट अरुंद होऊन टायर एकमेकांना घासण्याचा संभव असतो.

मापाच्या शेजारी 'सी' किंवा 'एलटी' ही अक्षरे असतील तर टायर हलक्या व्यापारी वाहनासाठी अधिक मजबूत बांधणीचा आहे. मोटारहोमला असाच टायर हवा. प्रवासी मोटारीचा, त्याच मापाचा टायर स्वस्त पडला तरी घेऊ नये. युरोपात 'सीपी' या खुणेचे खास मोटारहोमचे टायर मिळतात. आपल्या बाजारात ते क्वचितच दिसतात. भार निर्देशांकानंतरचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. 'एल' म्हणजे ताशी १२० किलोमीटर, 'एन' म्हणजे १४०, 'क्यू' म्हणजे १६०. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेले टायर या वाहनाला टाळावेत; वरचे रबर नवे असले तरी आतील सांगाड्याचे वय तेच राहते.

उन्हाळ्यात हवा कमी करू नका

२००२ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गाचा पृष्ठभाग काँक्रीटचा आहे. तेथे टायर फुटतात म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ते संकटाला आमंत्रण ठरते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या बाजू अधिक वाकतात आणि या वाकण्यातूनच सर्वाधिक उष्णता निर्माण होते.

सकाळी २७ अंश तापमानाला ६० पीएसआय हवा भरली आणि धावताना आतील हवा ५७ अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे ६७ पीएसआय होतो. ही वाढ टायरच्या रचनेत गृहीत धरलेली असते. वाटेत गरम टायर तपासून ही 'जादा' हवा काढून टाकणे चुकीचे आहे. हवा नेहमी गाडी निघण्यापूर्वी, थंड टायरमध्ये, उत्पादकाने त्या भारासाठी सांगितल्याप्रमाणे भरावी. जोडचाकांत आतल्या टायरची हवा आवर्जून पाहावी. तो बसला तरी गाडी चालत राहते आणि सगळा बोजा शेजाऱ्यावर पडतो.

घाट, पाऊस आणि मुक्काम

खोपोली ते लोणावळा ही सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. परतताना तीच उतरण होते. जड गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली तर ब्रेकची उष्णता रिममार्गे टायरपर्यंत जाते. खालच्या गिअरमध्ये उतरणे हाच उपाय. कर्जत-खालापूर परिसरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी बाहेर फेकणाऱ्या सलग, खोल खाचा तेथे उपयोगी पडतात. आडदांड नक्षीचा टायर दिसायला रुबाबदार असला तरी डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर त्याचा लाभ नाही. ओल्या रस्त्यावरील पकडीसह टायरची किमान मानके केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केली. म्हणून अलीकडच्या उत्पादनाचा टायर घेणे या दृष्टीनेही हिताचे आहे.

टायर बसवताना व्हॉल्व्हही नवे घ्यावेत, बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे आणि हवेचा दाब चालकासमोर दाखवणारे उपकरण बसवता आले तर उत्तम. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर हवा पूर्ण ठेवावी, पाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्यात, चाकांखाली फळ्या टाकाव्यात, टायर उन्हापासून झाकावेत आणि महिन्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणावी.

कोणत्या कंपनीचा टायर घ्यावा, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो; तो सर्वांत शेवटी यायला हवा. आपल्या गाडीच्या प्रत्येक चाकावर नेमके किती किलो वजन आहे आणि टायर कोणत्या वर्षी जन्मला, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती असतील तर कोणत्याही चांगल्या कंपनीचा टायर कुटुंबाला घाट सुखरूप उतरवून आणील. ती नसतील, तर महागडा टायरही जोखमीचाच.