सार्वजनिक भांडार आणि खासगी पॅकेजे

१९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ या संगणकीय कार्यप्रणालीसोबत सॉफ्टवेअरचे एक मोठे सार्वजनिक भांडार असते. २०२३ मधील तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. जगभरचे स्वयंसेवक त्यांची निगा राखतात. दोष आढळल्यास दुरुस्त प्रत याच भांडारातून संगणकांना मिळते.

तथापि, प्रत्येक संस्थेची गरज त्यातून भागतेच असे नाही. मग एखाद्या पॅकेजात आपल्यापुरता बदल केला जातो. बदललेल्या प्रतीला मूळचाच आवृत्ती-क्रमांक ठेवल्यास पुढील अधिकृत प्रत येताच बदल नाहीसा होतो. क्रमांक फार मोठा दिल्यास सुरक्षेची दुरुस्तीही अडून राहते.

एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजातील ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला. भांडारातील प्रत वापरणाऱ्यांना दुरुस्ती नेहमीच्या मार्गाने उपलब्ध झाली. ज्यांनी प्रत स्वतः तयार केली होती, त्यांना ती स्वतःच दुरुस्त करावी लागली.

म्हणून खासगी पॅकेजे स्वतंत्र भांडारात, संस्थेच्या डिजिटल स्वाक्षरीसह ठेवावीत. क्रमांकास स्थानिक खूण अशी जोडावी की, तो मूळ प्रतीच्या पुढे, परंतु येणाऱ्या अधिकृत दुरुस्तीच्या मागे राहील. दुरुस्ती येताच तीवर आपला बदल पुन्हा करून, चाचणी घेऊन नवी प्रत द्यावी. बदल कोणी व का केला, याची नोंद असावी. सर्वांच्या उपयोगाचा बदल मूळ भांडाराकडे पाठविणे उत्तम. तो स्वीकारला गेल्यास खासगी प्रतीचा भार उरत नाही.