शाळेतून नाव काढलेला गांधी

३० जानेवारी २००३. महात्मा गांधींच्या हत्येला ५५ वर्षं झाली, त्या दिवशी दिल्लीत शे-दीडशे माणसं उपोषणाला बसली. त्यांत राजकीय पुढारी होते, गांधीजींचे पणतू तुषार गांधीही होते. सगळ्यांचा राग होता तो अमेरिकेत एमटीव्हीवर दहाच दिवसांपूर्वी सुरू झालेल्या ‘क्लोन हाय’ या कार्टून मालिकेवर. या मालिकेत गांधी नावाचा एक शाळकरी पोरगा होता. वाचाळ, पार्ट्यांमागे धावणारा, मुलींपुढे भाव खायला जाणारा आणि दर वेळी तोंडावर आपटणारा. मालिका भारतात दाखवली जात नव्हती आणि यूट्यूब यायला अजून दोन वर्षं होती. त्यामुळे तिच्याबद्दल इथे जे काही पोचलं, ते बातम्यांतून. त्याच सुमारास ‘मॅक्सिम’ या अमेरिकी मासिकाने व्यायामाच्या नावाखाली गांधींना बडवणारा पहिलवान चित्रांतून दाखवला होता. तो संताप ताजा असतानाच ही भर पडली.

एमटीव्हीने लगोलग खेद व्यक्त केला. कार्यक्रम अमेरिकी प्रेक्षकांसाठी केलेला आहे, वेगवेगळ्या संस्कृतींत त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाऊ शकतं, असा खुलासाही केला. थोड्याच दिवसांत मालिका बंद पडली. वीस वर्षांनी, २०२३ साली, ती पुन्हा सुरू झाली तेव्हा लिंकन आला, क्लिओपात्रा आली, केनेडी आला. गांधी मात्र आला नाही. शाळेच्या पटावरून त्याचं नाव कमी झालं होतं. या वादात विनोद करणारे आणि चिडणारे, दोघेही एका बाबतीत सारखेच कच्चे होते. ती बाब कोणती, हे पाहण्याआधी ही शाळा नीट समजून घ्यायला हवी.

उकरून काढलेले सहाध्यायी

फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर हे डार्टमथ कॉलेजातले दोस्त. ‘स्क्रब्ज’ या गाजलेल्या विनोदी मालिकेचे जनक बिल लॉरेन्स यांच्यासोबत त्यांनी ‘क्लोन हाय’ रचली. चित्रांकनाची बाजू कॅनडातल्या नेल्व्हाना या कंपनीने सांभाळली आणि पहिलं प्रक्षेपणही कॅनडातच, टेलिटून वाहिनीवर, २ नोव्हेंबर २००२ रोजी झालं. पहिल्या हंगामाचे भाग तेरा.

कथानक असं: १९८०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका गुप्त खात्याने इतिहासातल्या थोरामोठ्यांची थडगी उकरली, त्यांच्या अवशेषांपासून हुबेहूब मुलं तयार केली आणि ती दत्तक घरांत वाढवली. आता ही सगळी मुलं एका हायस्कुलात शिकतात. पुढेमागे त्यांचा लष्करी कामासाठी वापर करायचा, असा खात्याचा बेत. प्राचार्य स्कडवर्थ यांचा बेत वेगळाच. त्यांना या मुलांचं करमणूक उद्यान काढून तिकिटं लावायची आहेत. त्यांचा सोबती आहे बटलरट्रॉन नावाचा यंत्रमानव, आणि शाळेत अक्कल असलेला बहुधा तो एकटाच.

मुलं मात्र थोर नाहीत. देश एकसंध ठेवणाऱ्या लिंकनचा क्लोन एब याला साधा निर्णय घेता येत नाही. तो क्लिओपात्रावर लट्टू आहे आणि शेजारी बसणारी जोन ऑफ आर्क आपल्यावर जीव टाकते, हे त्याला दिसत नाही. केनेडीचा क्लोन पोरींमागे फिरतो आणि आपण केनेडी आहोत याचा डंका पिटतो. चिरतारुण्याचा झरा शोधायला निघाल्याची दंतकथा ज्याच्या नावाला चिकटली, त्या पोन्स दे लिऑनचा क्लोन भर तारुण्यात रस्त्यावरच्या कचऱ्यामुळे मरतो. त्याला आवाज दिला होता ल्यूक पेरीने, म्हणजे १९९०च्या दशकातल्या किशोरवयीन मालिकांच्या लाडक्या नायकाने. ही निवड मुद्दाम केलेली होती. अशा मालिकांमधली हुंदके, प्रेमभंग आणि शेवटी एक उपदेश ही ठरीव पाककृती ‘क्लोन हाय’ने उचलली आणि तिची यथेच्छ टर उडवली.

काळही या कल्पनेला पोषक होता. डॉली मेंढी १९९६ साली जन्मली आणि पुढच्या वर्षी जगाला कळली. मालिका कॅनडात चालू असतानाच, डिसेंबर २००२च्या अखेरीस, रेलियन पंथाशी संबंधित ‘क्लोनेड’ने पहिलं मानवी क्लोन बाळ जन्माला आल्याचा दावा केला. पुरावा कधीच आला नाही, पण मथळे मिळाले. क्लोन म्हणजे मूळ माणसाची छापील प्रत, हा समज त्या मथळ्यांनी आणखी घट्ट केला. खरं तर त्याला छेद देणारं उदाहरण तोवर हाताशी आलं होतं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी ‘सीसी’ ही पहिली क्लोन मांजर जन्मली. तिची मूळ मांजर ‘रेनबो’ तिरंगी होती, सीसीच्या अंगावर मात्र नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. जनुकं तीच, पण त्यांतली कुठली जागी राहतात आणि कुठली झोपतात हे गर्भात वाढताना ठरतं. जिथे केसांचा रंगही वारशाने जसाच्या तसा येत नाही, तिथे सत्याग्रह कुठून येणार? ‘क्लोन हाय’चा सगळा विनोद याच प्रश्नावर उभा आहे. मुलांच्या मानेवर ‘क्लोन-बापा’च्या कीर्तीचं जू आहे आणि ते पेलण्याची ताकद कुणातच नाही.

वाळीत पडलेला पोरगा

गांधी हा एबचा जिवलग मित्र. गांधी या नावाचं ओझं इतकं, की ते झेपत नाही म्हणून तो विदूषक झाला, अशी त्याच्या स्वभावाची संगती मालिकेत लावली आहे. शाळेच्या चित्रपट महोत्सवाच्या भागात तो जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाच्या क्लोनला हाताशी धरून दोन पोलिसांचा मारधाडपट काढतो. आणखी एका भागात त्याला अवधान टिकत नसल्याचं निदान होतं. हा आजार संसर्गजन्य असल्याची अफवा शाळेत पसरते आणि सगळे त्याला वाळीत टाकतात. एड्सच्या भीतीने माणसं एकमेकांना टाळत होती त्या काळातल्या बोधपर टीव्ही-भागांचं हे विडंबन. त्यात लेखकांची सहानुभूती गांधीच्या बाजूने आहे आणि हसं अडाणी गर्दीचं होतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग भारतीयांनी उगाचच त्रागा केला. तसं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. लिंकनचा क्लोन घडवताना लेखकांनी लिंकनच्या ठामपणाचा उलटा साचा वापरला, जोनसाठी तिच्या धर्मश्रद्धेचा. केनेडीची ख्याती तर सरळच उचलली. गांधींच्या बाबतीत त्यांच्याकडे काय होतं? टक्कल, चष्मा आणि ‘साधुपुरुष’ हा शिक्का. साधुपुरुषाला उलटा केला की हुल्लडबाज मिळतो. बस्स, एवढाच हिशेब. अमेरिकेत गांधी हे भिंतीवरचं चित्र होतं आणि चित्राला मिशा काढाव्यात तशी ही गंमत केली गेली.

उपोषणाचं पुढचं पर्व मिलर यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं. एमटीव्हीचे प्रमुख टॉम फ्रेस्टन नेमके तेव्हा भारतात होते, ते कचेरीच्या इमारतीत अडकून पडले आणि मालिका थांबवली नाही तर भारतातला प्रक्षेपण परवाना जाईल, अशी धमकी आली, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत प्रेक्षकसंख्याही यथातथाच होती. तेरापैकी आठ भाग दाखवून एमटीव्हीने मालिका गुंडाळली. बंद पडण्याचं सगळं श्रेय किंवा अपश्रेय उपोषणाला देता येणार नाही. पण दुसऱ्या हंगामाचा प्रस्ताव आला तेव्हा अडचण गांधीचीच होती. लेखकांनी तोडगाही सुचवला. हा मुलगा गांधींचा नव्हेच, गॅरी कोलमन या विनोदी नटाचा क्लोन असल्याचं उघड करू! वाहिनीने नकार दिला.

आत्मकथेतला मोहन

आता त्या सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. पंधरा-सोळा वर्षांचा गांधी हुल्लडबाज असू शकतो का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला असता तर उत्तर नवजीवनच्या स्वस्त आवृत्तीत मिळालं असतं. ‘सत्याचे प्रयोग’चे सुरुवातीचे भाग उघडा. मोहन आणि त्याचा एक नातेवाईक काकांनी फेकलेली विड्यांची थोटकं ओढतात. थोटकं पुरेनाशी होतात तेव्हा नोकराच्या खिशातले पैसे चोरून विड्या आणतात. मोठ्यांच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही म्हणून दोघं वैतागतात, जीव द्यायचं ठरवून धोत्र्याच्या बिया मिळवतात, देवळात जातात, दोन-चार बिया गिळतात आणि हिंमत संपल्यावर परततात. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान, हे एका मित्राकडून ऐकून मोहन नदीकाठी चोरून बोकडाचं मटण खातो. त्या रात्री पोटात जिवंत बोकड बें-बें करत असल्याचा भास होऊन तो दचकून उठतो. भावाचं कर्ज फेडायला त्याच्याच कड्यातला सोन्याचा तुकडा काढतो.

विलायतेतला मोहन तर आणखी बहारीचा. साहेब व्हायचं म्हणून १९ शिलिंगांची उंच टोपी आणि बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा संध्याकाळचा पोशाख. नाचाच्या शिकवणीला ३ पौंड. तीन आठवड्यांत सहाएक तास होतात, पण पाय काही तालावर पडत नाहीत. मग कानाला सूर कळावा म्हणून व्हायोलिन, आणखी ३ पौंड. शिवाय वक्तृत्वाचा मास्तर वेगळा. हे सगळं गांधींनी स्वतः लिहिलंय, ‘नवजीवन’ साप्ताहिकात क्रमशः, १९२५ पासून. म्हणजे देश ज्याला महात्मा म्हणत होता, तो दर आठवड्याला आपल्याच पौगंडावस्थेचं हसं करत होता.

लॉर्ड-मिलर यांनी हे वाचलं असतं तर त्यांना कल्पनेने रचला त्याहून कितीतरी विनोदी आणि खरा गांधी मिळाला असता. उपोषणकर्त्यांनी आठवलं असतं तर ‘आमचा गांधी असा नव्हता’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली असती. दोघांच्याही डोळ्यांपुढे होता तो नोटेवरचा गांधी.

विनोदाच्या बाबतीत गांधींचं स्वतःचं मापही उपलब्ध आहे. १९३९ साली ‘हिंदुस्थान टाइम्स’मधल्या जिनांवरच्या एका व्यंगचित्राबद्दल त्यांनी व्यंगचित्रकार शंकर यांना पत्र लिहिलं. आशय असा की चित्रं कला म्हणून चांगली आहेत, पण त्यांत अचूकपणा नसेल आणि न दुखावता थट्टा साधत नसेल, तर या पेशात फार वर जाता येणार नाही. लक्षात घ्या, हे पत्र आपल्या राजकीय विरोधकाची बाजू घेऊन लिहिलेलं आहे. या मापाने ‘क्लोन हाय’ अचूकपणाच्या परीक्षेत नापास होते. पण बंदी घाला, असं गांधी त्या पत्रात कुठेच म्हणत नाहीत.

आपल्या घरातले दोन दाखले

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेत गांधी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांच्या भाषेत बोलत भेटतात. रोख आहे गांधींच्या नावावर दुकान चालवणाऱ्यांवर. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात ती छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१५च्या निकालात प्रकाशक आणि मुद्रक सुटले, कारण त्यांनी आधीच माफी मागितली होती. कवीपुढे मात्र खटला उरला. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना अश्लीलतेची कसोटी अधिक कडकपणे लावावी लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे पात्र कोण, यावर शब्दाचा गुन्हा अवलंबून.

दुसरा दाखला आनंदाचा. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. त्यात गांधी मुंबईच्या एका गुंडाशी गप्पा मारतात आणि लोक पोट धरून हसतात. गांधी झाले होते आपले दिलीप प्रभावळकर. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कुणी उपोषणाला बसलं नाही. सिनेमातला एक प्रसंग इथे महत्त्वाचा आहे. डॉक्टर सगळ्यांसमोर सिद्ध करतो की मुन्नाला जे ठाऊक नाही, ते त्याच्या गांधीलाही ठाऊक नाही. मुन्नाचा गांधी मुन्नाच्या वाचनाएवढाच मोठा आहे. ‘क्लोन हाय’च्या गांधीचंही तेच झालं, फक्त त्या लेखकांचं वाचन मुन्नापेक्षा कमी पडलं.

नवी तुकडी

लॉर्ड आणि मिलर पुढे फार मोठे झाले. ‘द लेगो मूव्ही’ त्यांनी दिग्दर्शित केला, ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ला ऑस्कर मिळालं. पहिल्या हंगामाच्या शेवटी बर्फात गोठवलेली मुलं २३ मे २०२३ रोजी मॅक्स या ओटीटीवर वितळून बाहेर आली. नव्या तुकडीत हॅरिएट टबमन, फ्रिडा काहलो, कन्फ्यूशियस, सॅकागाविया. ख्रिस्तोफर कोलंबसचा क्लोनही आहे. आपल्या क्लोन-बापाच्या पापांची लाज वाटून तो ‘टॉफर बस’ असं नाव लावतो. बदललेल्या काळावर याहून नेमकं भाष्य सापडणं कठीण. जुन्या थोरांची नव्याने झाडाझडती घेणाऱ्या पिढीला शाळेत आणायचं धाडस या लेखकांनी केलं, गांधीला परत आणायचं मात्र टाळलं. दोन हंगामांनंतर, २०२४ साली, मालिका पुन्हा बंद झाली.

माझं मत सांगतो. गांधीला नव्या तुकडीत न घेणं ही माफी नव्हे, ती हात झटकण्याची रीत आहे. चुकीच्या चित्रावरचा इलाज म्हणजे अधिक माहितीने काढलेलं चित्र. ते काम आता परदेशी वाहिनीकडून होईल, ही आशा सोडलेली बरी. मोहनच्या विड्या, धोत्र्याच्या बिया आणि फसलेला नाच यांवर एक झकास विनोदी मालिका मराठीत होऊ शकते. सामग्री तयार आहे, आणि ती खुद्द नायकाने लिहिलेली आहे. आपल्या लेखक-चित्रकारांपैकी कुणीतरी ती हाती घ्यावी. आणि तिच्याविरुद्ध कुणाला उपोषणाला बसावंसं वाटलं, तर त्याने आधी आत्मकथेचे पहिले दहा भाग वाचून यावेत.