बॅटरी नवी, गाडी बंद

‘गाडी स्टार्ट होत नाही’ या एका तक्रारीखाली निदान तीन वेगळे आजार असतात आणि गिऱ्हाईक तिन्हींवर एकच औषध करून आलेलं असतं : बॅटरी बदलायची. म्हणून रत्नागिरीतल्या ज्या वायरमनच्या गॅरेजात मी अधूनमधून जाऊन बसतो, तो बॉनेट उघडायच्या आधी मालकाला बोलतं करतो. किल्ली फिरवल्यावर काहीच होत नाही? सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही? की नुसतं कट-कट वाजतं? सेल्फ जोमात फिरत असेल तर बॅटरीचा विषय तिथेच संपला, मग पेट्रोल आणि स्पार्क यांच्यामागे लागायचं. काहीच आवाज नसेल तर किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज. कट-कट असेल तर करंट कुठेतरी अडतोय.

त्या दिवशी आलेली गाडी कट-कटवाली होती. पंधरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, मालक मिरकरवाड्याकडचे, माशांच्या धंद्यातले. बॅटरी आठवड्यापूर्वीच नवी टाकलेली. तरी कट-कट थांबेना, म्हणून दुसऱ्या गॅरेजात दाखवली, तर तिथे ‘सेल्फ गेलाय, नवा टाका’ म्हणाले.

“चाचा, धक्क्याने चालू होते का?”

“लगेच होते. पण पहाटे पाचला धक्का मारायला माणसं कुठून आणू? उतारावरच लावून ठेवतो.”

या उत्तराने अर्धं काम झालं होतं. धक्क्याने इंजिन लगेच पकडतं, म्हणजे पेट्रोल येतंय, स्पार्क पडतोय. त्या दोन्हींना मोजकेच अँपिअर लागतात. एकटा सेल्फ शे-दीडशे अँपिअर मागतो, आणि उपाशी राहत होता तो सेल्फच.

वायरमनने हेडलाइट लावायला सांगितले आणि किल्ली फिरवायला लावली. कट-कट-कट. दिवे मात्र जवळजवळ तसेच. हे बघायला मीटरही लागत नाही, आणि तरी कितीजण हे करतात कोण जाणे. बॅटरी उतरलेली असती तर किल्ली फिरवताक्षणी दिवे पिवळे पडले असते. मग त्याने मीटर लावला. बॅटरीच्या खुंट्यांवर 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. किल्ली फिरवल्यावरही आकडा बाराच्या खाली जाईना. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीला दोष द्यायचा. इथे तर ती करंट द्यायला तयार बसली होती, पण कोणी नेतच नव्हतं.

करंटला जायची वाट असते तशी परतायचीही असते, आणि बहुतेकजण तपासतात ती जायची. त्याने आधी तीच बघितली : मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि किल्ली फिरवायची. 0.2 व्होल्ट. केबल ठीक. मग एक पिन मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. पुन्हा किल्ली. आकडे साडेचार-पाचच्या आसपास नाचायला लागले. इथे पाव व्होल्टसुद्धा जास्तच.

मायनसवरून दोन वायरी निघतात, एक बॉडीला, एक इंजिन-गिअरबॉक्सला. दिव्यांची अर्थ बॉडीवर, ती शाबूत, म्हणून दिवे झकास. सेल्फची अर्थ इंजिनवर. कट-कट येतं तेही त्यामुळेच. सोलेनॉइडला थोडाच करंट लागतो, तो मिळतो आणि आतले कॉन्टॅक्ट जुळतात. जुळल्याबरोबर मोटर मोठा करंट ओढायला जाते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा ओढला जातो. सेकंदाला कितीतरी वेळा.

“आता इथे बोट लावा,” तो मला म्हणाला. क्लचची केबल. बऱ्यापैकी गरम. इंजिनवरून परतायची सरळ वाट बंद, तेव्हा करंट क्लचच्या बारीक तारेतून बॉडीकडे निघाला होता. असंच चालू राहिलं की ती केबल आतून जळते, आणि मग लोक क्लचचं काम काढतात.

खात्रीसाठी त्याने जम्पर केबलचं एक टोक मायनसवर आणि दुसरं थेट इंजिनच्या हुकाला लावलं. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात धडधडायला लागलं. चाचा काही न बोलता खाली बघत राहिले. नव्या बॅटरीच्या बिलाचा विचार चालला असावा.

खराबी होती गिअरबॉक्सवरच्या थिंबलाखाली. दहाच्या पान्याने आधी मायनस सोडला (प्लस आधी सोडायला जावं आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट), मग खालचा बोल्ट. थिंबल आणि धातू यांच्यामध्ये हिरवट-पांढरी पूड साचली होती, आणि रबराखाली तांब्याच्या तारा हिरव्या पडून बोटाने तुटत होत्या. बंदराजवळची खारी हवा, वर कोकणातला पाऊस. वरून मात्र वायर धडधाकट दिसत होती.

असा दोष टेस्ट लॅम्पने का सापडत नाही, हा साधा हिशेब आहे. समजा, जोडात 0.03 ओमचा अडथळा आहे. पाच वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, तेवढ्यात या अडथळ्यावर व्होल्टच्या शंभराव्या भागाएवढी घट होते आणि बल्ब लख्ख पेटतो. तिथूनच दीडशे अँपिअर न्यायचे म्हटले तर साडेचार व्होल्ट खाल्ले जातात. ओमच्या रेंजवर लावलेला साधा मीटरही उपयोगाचा नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो. दोष बघायचा तर भार टाकूनच.

नवी वायर त्याने वेल्डिंगच्या जाड केबलमधून कापली, थिंबलं दाबून बसवली, गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. परत मोजलं तेव्हा 0.1. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर बघितलं, 14.1. चार्जिंगही नीट. बॉडीकडची वायर आज चालेल, पण पावसाळ्याआधी बदलून घ्या, असं त्याने बजावलं.

“आणि माझी जुनी बॅटरी?” चाचांनी विचारलं. ती एक्स्चेंजमध्ये कधीच गेली होती.

तोवर मागे दुसरी गाडी ढकलत आणली होती. हिचा सेल्फ जोरात फिरत होता आणि इंजिन पकडत नव्हतं. वायरमन मागच्या सीटवर आडवा झाला, कान सीटला लावला आणि म्हणाला, “किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका.” पेट्रोलचा पंप अशा वेळी दोनेक सेकंद गुणगुणतो. तो गुणगुणला नाही. “आधी फ्यूज,” म्हणत वायरमन उठला.