जुनं इंजिन टाकावं की आहे तेच बांधावं?

सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, दर महिन्याला ऑइल ओतावं लागलं, की गॅरेजवाला एकदाचं सांगून टाकतो, 'इंजिनचं काम निघालंय.' पाठोपाठ दुसरा सल्लाही तयार असतो: 'खोलताय कशाला? कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनं आणू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर.' यातलं स्वस्त काय, हा हिशेब नंतर करावा. इंजिन झिजतं कुठे, हे आधी पाहावं.

१८८३च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर हा इंग्लिश अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताच ऑइल उलट वर येऊ लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत बाहेर आली. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा ऑइलचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीच्या घरात निघाला. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस ऑइलला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर आस स्वतःच तरंगतो.

तुमच्या गाडीतला क्रँकशाफ्टही असाच तरंगतो. धड चाललेल्या इंजिनात तो बेअरिंगला जवळपास टेकतच नाही. अट एकच, मधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच हवी. ती वाढली की ऑइल कडांनी निसटतं, दाब पडतो आणि धातूवर धातू घासू लागतो. तापलेल्या इंजिनात, गाडी नुसती उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, त्याचं एक कारण हे असतं.

सिलिंडरची गोष्ट जरा वेगळी. जुन्या मारुती ८०० च्या पिस्टनचा पल्ला ७२ मिलिमीटर. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर होतो, पण त्याच सेकंदात तो शंभर वेळा क्षणभर थांबून दिशा बदलतो. थांबला की ऑइलचा पापुद्रा तुटतो. वरच्या टोकाला तर आगही तिथेच आणि रिंगांना भिंतीवर दाबणारा वायूचा जोरही तिथेच. म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरची पोकळी, सर्वांत जास्त तिथे झिजतं. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला एका बाजूला ढकलतो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू लंबगोल होतं. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे वाया. 'हाफ इंजिन' करून चार महिन्यांत धूर परत आल्याच्या तक्रारी बहुधा अशाच कामांच्या असतात.

इंजिन बांधणं म्हणजे खरं तर मोजणं. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप घ्यायचं. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा. मग होनिंग. त्यात भिंतीवर एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे मुद्दाम पाडतात, कारण ऑइल त्यांतच धरून राहतं. आरशासारखं गुळगुळीत बोअर दिसायला छान, कामाला वाईट. क्रँक ग्राइंड केला तर त्या मापाची अंडरसाइज बेअरिंगं. हेड पट्टी आणि फिलर गेज लावून तपासायचं. अॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून एकदा गाडी तापली की वाकतं ते हेडच. नव्या इंजिनांत आणखी अडचणी आहेत. काहींच्या बोअरला लेप असतो, तिथे साधं बोअरिंग चालत नाही. काहींचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. मोठ्या मापाचे पिस्टन मिळतात का, हे इंजिन खोलण्याआधीच विचारावं.

जुन्या इंजिनाबाबत यातलं काहीच दिसत नाही. ते धुऊन चकचकीत केलेलं असतं, आणि इतकं धुतलेलं इंजिन पाहून मला तरी संशयच येतो. पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढून कॉम्प्रेशन मोजायला लावा. एखाद्या सिलिंडरचं कमी आलं तर आत चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलं; नाही वाढला तर व्हॉल्व नाहीतर हेड गास्केट. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी शिरलेलं असू शकतं. ऑइल फिल्टर कापून बघा. चमचमता चुरा दिसला तर बेअरिंगं खलास. दुकानदार फिल्टर कापू देत नसेल, तर निघा तिथून.

कागदपत्रंही बघावी लागतात. इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचे कागद आणि बिल नसेल, तर चोरीचा माल तुमच्या बॉनेटखाली येऊ शकतो. चोरीच्या गाड्यांचे भाग सुटे करण्यासाठी बदनाम झालेल्या मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये पोलिसांनी कारवाई केली, ती उगाच नव्हे.

माझं मत सांगतो. ब्लॉकला तडा नसेल आणि मोठे पिस्टन मिळत असतील, तर आपलंच इंजिन बांधावं. ब्लॉकच फुटला असेल, तर जुनं घ्यावं, पण शक्यतो ज्या गाडीतलं आहे त्याच गाडीत, थंड असताना सुरू करून पाहिलेलं. आणि बांधायला दिलंत, तर लेथवाल्याकडून बोअरची आणि क्रँकची मापं कागदावर लिहून मागा. तो देत नसेल तर दुसरा लेथवाला शोधा.