मतपेटी आणि सभागृह

मार्च २०२० मध्ये आमच्या भोपाळात सरकार बदलले. तेव्हा शाहपुरा तलावाकाठी फिरायला येणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, मधे निवडणूक झालीच नाही, मग मुख्यमंत्री बदलले कसे?" राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला असे प्रश्न चुकत नाहीत.

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. अधिकाराने तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेप्रमाणे त्याला लोक निवडत; पण निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास निवड विधिमंडळाकडे जाई. पहिल्या चौघांतून कनिष्ठ सभागृह दोघांना निवडी आणि त्यांतून एकाला सिनेट. १७८५ मध्ये जेम्स बोडन असेच गव्हर्नर झाले. व्हरमाँट राज्यात आजही कोणालाच बहुमत न मिळाल्यास विधिमंडळच निवड करते.

तेथे जो अपवाद, तो आपल्याकडे नियम. आपण मत देतो ते आमदाराला. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते (कलम १६४). सभागृहातील बहुमत सरकले की सरकार गेले.

मध्य प्रदेशाने हे दोनदा ठळकपणे पाहिले. जुलै १९६७ मध्ये गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार पडले आणि सिंह मुख्यमंत्री झाले. या उलथापालथीमागे ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे होत्या. २०२० मध्ये त्यांचे नातू ज्योतिरादित्य यांच्या बाजूच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले. २० मार्चला कमलनाथ पायउतार झाले आणि २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला.

आजी आणि नातू यांच्या खेळींत एक मोठा फरक आहे. १९६७ चे आमदार बाके बदलूनही आमदारच राहिले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर ते सोपे राहिले नाही. म्हणून २०२० मध्ये आधी राजीनामे आले आणि नोव्हेंबरात २८ जागांची पोटनिवडणूक झाली. भाजपला १९, काँग्रेसला ९ जागा मिळाल्या.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले : मुख्यमंत्री सभागृहाने ठरवावा, यात लोकशाहीविरोधी काही नाही. आमदाराने बाजू बदलली, तर त्याला पुन्हा आपल्या दारी यावे लागते की नाही, हे पाहावे. १९६७ मध्ये यावे लागले नाही, २०२० मध्ये लागले. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे पहिले मत देताना पक्षाच्या चिन्हाइतकाच आमदारही पारखून घ्या. पुढची पाच वर्षे तुमच्या वतीने मत देणार आहे तो तोच.