फ्रीज जागतो, संगणक झोपतो

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. रस्ता बंद, अनेकदा वीजही बंद. शेजारच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. पण जंगलातून जाणाऱ्या तारेवर एक झाड पडले तरी अंधार होतो. अशा भागातील आरोग्य केंद्रात रात्री कोणी नसताना दोन यंत्रांनी काम करावे अशी अपेक्षा असते. एक लसींचा फ्रीज, दुसरा कार्यालयातील संगणक.

फ्रीज बनवणाऱ्यांनी वीज जाणारच, असे धरलेले आहे. त्याच्या आतल्या भिंतीला बर्फाचे अस्तर असते. त्यामुळे झाकण उघडले नाही, तर वीज गेल्यावरही कित्येक तास तापमान २ ते ८ अंशांत राहते. जास्त गारठाही चालत नाही; पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते. ‘ई-विन’ यंत्रणेचा तापमापक दर १० मिनिटांनी नोंद घेतो आणि तापमान मर्यादेबाहेर गेले की जबाबदार कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवतो.

संगणकाचे तसे नाही. तो वीज वाचवण्यासाठी झोपतो, आणि ते योग्यच आहे. झोपेत पडदा आणि प्रोसेसर थांबतात, फक्त मेमरीला थोडी वीज मिळत राहते. आतले घड्याळ मात्र चालूच असते. त्यालाच गजर लावून ‘रात्री दोनला उठ, सगळ्या नोंदींची प्रत काढ आणि पुन्हा झोप’ असे सांगता येते.

तरीही तो उठत नाही, याची कारणे साधी असतात. विंडोजमध्ये ही परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते. टास्क शेड्युलरमध्ये त्या कामापुरती संगणकाला जागे करण्याची, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर’ची. एकच दिली तर गजर वाजत नाही. दुसरी अडचण लॅपटॉपची. ठरवलेले काम थेट विजेवर असतानाच सुरू करावे, अशी खूण तिथे आधीच केलेली असते. मुंबईत ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. एटापल्लीत रात्री वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि ते काम मुकाट्याने टळते. ना गजर, ना संदेश.

टळलेले काम संधी मिळताच करावे, अशीही एक खूण तिथे असते. वीजपुरवठा बेभरवशाचा असेल तिथे खरा उपयोग हिचाच. ती केली तर सकाळी संगणक सुरू झाल्यावर प्रत निघते. पूर्ण बंद केलेल्या संगणकाला टास्क शेड्युलर उठवू शकत नाही. आणि संध्याकाळी जाताना मेन स्विच पाडण्याची सवय असेल, तर सगळीच सेटिंग्ज फुकट.

या नोंदींत सिकलसेल तपासणीच्या याद्या असतात. वाहक कोण, रुग्ण कोण, हायड्रॉक्सियुरिया कोणाला सुरू आहे, हे त्यांत असते. हार्ड डिस्क गेली आणि प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघाली, तर मधल्या लोकांना शोधायला पुन्हा पाड्यापाड्यांवर जावे लागते, पुन्हा सुई टोचावी लागते. म्हणून दर सोमवारी प्रतीच्या फाइलवरची तारीख पाहावी. मिनिटभराचे काम आहे.