पस्तीस कुठून आले?

दिवाळीच्या सुट्टीत मी काशीला आजोबांकडे गेलो होतो. आमचे घर दुर्गाघाटावर आहे. पेशव्यांच्या काळापासून दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या भागात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यामुळे गल्लीत हिंदी आणि घरात मराठी, अशी तिथली रीत. कार्तिक महिन्यात घाटावर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत आकाशदिवे लावतात. ते बघायला मी संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर तिथे काकूने सतरंजी टाकून बैठक भरवली होती. काकू सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्याबरोबर आणखी तीन शिक्षिका होत्या आणि मधोमध तिसरीच्या मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता.

"काकू, सुट्टीतही वह्या तपासायच्या?" मी विचारले.

"तपासून झाल्यात. आता वाचतोय," ती म्हणाली. "बस जरा. तुझ्याही कामाचं आहे."

त्या चौघी एकाच गणितापाशी अडल्या होत्या : 42 वजा 17. बरोबर उत्तर 25. पण वर्गातल्या 27 मुलांपैकी 14 जणांनी 35 लिहिले होते. मी लगेच म्हणालो, "म्हणजे यांना हातच्याची वजाबाकी येत नाही. पुन्हा शिकवायची."

"पुन्हा काय शिकवू?" काकूने विचारले. "हे पस्तीस कुठून आले ते आधी सांग."

मी कागदावर करून पाहिले. एककाच्या घरात वर 2, खाली 7. एखादा मुलगा म्हणेल, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवू. उरले 5. दशकात चारातून एक गेला, 3. उत्तर 35. दुसरा मुलगा रीतसर हातचा घेईल, बारातून सात घालवून 5 लिहील, पण चाराचे तीन करायला विसरेल. चारातून एक गेला, 3. उत्तर पुन्हा 35!

दोन वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. पहिल्या मुलाला हातचा म्हणजे काय हेच कळलेले नाही. त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत, दहाचा गठ्ठा स्वतः सोडायला लावायला हवा. दुसऱ्याला सगळे कळले आहे. त्याला फक्त चारावर काट मारून वर तीन लिहायची सवय लावायची आहे. दोघांना एकत्र बसवून तोच धडा पुन्हा शिकवला तर पहिल्याला तो परत कळणार नाही आणि दुसरा कंटाळून जाईल.

मग चौघींनी ठरवले की सुट्टीनंतर मुलांना 42 वजा 18 हे गणित घालायचे. पहिली चूक करणाऱ्याचे उत्तर 36 येईल, दुसरी चूक करणाऱ्याचे 34. खरे उत्तर 24. एक अंक बदलला आणि प्रश्न बोलका झाला.

मला आमची फायरिंग रेंज आठवली. पहिल्यांदा पाच गोळ्या झाडल्या तेव्हा माझी एकही मधल्या वर्तुळात लागली नव्हती. माझ्या शेजारच्या कॅडेटचीही नाही. गुणांच्या हिशेबात आम्ही दोघे सारखेच. पण उस्तादांनी आमची टार्गेट शेजारी शेजारी धरली. माझ्या पाचही गोळ्या वर डावीकडे, एका रुपयाभोवती मावतील अशा दाटीने लागल्या होत्या. त्याच्या साऱ्या कागदभर विखुरल्या होत्या. "तुझं ग्रुपिंग चांगलं आहे, पकड बदलू नकोस, साईट मी बघतो," ते मला म्हणाले. शेजाऱ्याला मात्र त्यांनी श्वास रोखणे आणि ट्रिगर हळू दाबणे पहिल्यापासून करायला लावले. दोघांनाही "तुम्हाला जमत नाही" एवढेच सांगितले असते, तर मी माझी चांगली पकड बिघडवून घेतली असती.

माझ्या बाबतीत वर्गात एकदा असेच झाले होते. सहावीत, आधीच्या शाळेत, अपूर्णांकांच्या चाचणीत मला 25 पैकी 9 गुण मिळाले. माझे नाव कच्च्या मुलांच्या यादीत गेले. महिनाभर शाळा सुटल्यावर आम्हाला अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले. माझी चूक एकच होती. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, तर मी पहिला करत होतो. ती माझ्या उत्तरपत्रिकेत सहा ठिकाणी दिसत होती. पण ती उत्तरपत्रिका कोणी वाचली नाही. मीही नाही. मी फक्त 9 हा आकडा वाचला आणि पुढची दोन वर्षे आपल्याला गणित येत नाही असे मानून चाललो.

विद्यार्थ्यांची माहिती, ज्याला हल्ली सगळे डेटा म्हणतात, ती शाळांत कमी नाही. चाचण्या, गुणपत्रके, हजेरी, तक्ते सगळे असते. पण माहिती गोळा केली म्हणून शिकवणे सुधारते का? याचा एक चांगला पुरावा काशीच्या शेजारीच, जौनपूर जिल्ह्यात सापडतो.

मुंबईत 1995 मध्ये 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. मुलांची वाचनाची पातळी ओळखायला तिने एक साधा कागद तयार केला. त्यावर आधी अक्षरे, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. मूल जिथे थांबते ती त्याची पातळी. 2005 पासून 'असर' या देशव्यापी पाहणीत हाच कागद वापरला जातो. 2005-06 मध्ये जौनपूरच्या 280 गावांत एक प्रयोग झाला. तो करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. त्यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांची आई मराठी. काही गावांत लोकांना त्यांच्या शाळा समितीचे हक्क समजावून सांगितले. काही गावांत त्याशिवाय मुलांची पातळी तपासायला शिकवून गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. आणखी काही गावांत हे सारे करून वर तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची पद्धत शिकवली आणि त्यांनी वर्ग घेतले. काही गावे नुसती तुलनेसाठी ठेवली होती.

पहिल्या दोन प्रकारच्या गावांत मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. आपली मुले वाचू शकत नाहीत हे गावाला कळले, पण म्हणून उद्या सकाळी काय वेगळे करायचे, ते कळले नाही. फरक पडला तो तिसऱ्या प्रकारच्या गावांत, जी मुले त्या वर्गांना आली त्यांच्यात.

शिक्षकांबाबतही असेच दिसले. हरियाणात 2012-13 च्या सुमारास शेकडो सरकारी शाळांत दोन कार्यक्रमांची तुलना झाली. एकात शिक्षकांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे प्रशिक्षण मिळाले, म्हणजे प्रत्येक मुलाच्या नोंदी कशा ठेवायच्या याचे. मुलांच्या गुणांत त्याने फरक पडला नाही. दुसऱ्या कार्यक्रमात शाळेच्या वेळेत रोज एक तास राखून ठेवला. त्या तासाला मुले इयत्तेप्रमाणे न बसता पातळीप्रमाणे बसत, आणि ज्याला शब्द वाचता येत नाहीत त्याला शब्दच शिकवत. शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस असे वर्ग घेतले, मग ते शाळांना भेटी देत राहिले. तिथे मुलांचे हिंदी वाचन सुधारले. एकीकडे माहिती नोंदवहीत गेली, दुसरीकडे ती दुसऱ्या दिवशीच्या तासात गेली.

म्हणून शिक्षकांना आकडे भरायला शिकवणे पुरेसे नाही. मग प्रशिक्षणात काय हवे? हे मी काकूला विचारले. तिने सांगितलेले चार मुद्दे माझ्या शब्दांत देतो.

पहिला, प्रशिक्षण आपल्याच मुलांच्या वह्यांवर व्हावे. पडद्यावरच्या नमुना आलेखात कोणाचाच जीव गुंतत नाही.

दुसरा, प्रश्न एवढा लहान असावा की त्याचे उत्तर सापडेल. "मुले गणितात कच्ची का?" यावर रात्रभर बोलता येते. "चौदा जणांनी पस्तीस का लिहिले?" यावर वीस मिनिटांत काहीतरी हाती लागते.

तिसरा, बैठक संपताना प्रत्येकीने पुढच्या आठवड्यात काय वेगळे करणार आणि त्याचा परिणाम कोणत्या प्रश्नाने तपासणार, हे लिहून द्यावे. तपासणी झाली नाही तर नव्या उपायाचाही रिवाज होऊन बसतो.

चौथा तिने सर्वांत महत्त्वाचा म्हणून सांगितला. बैठकीत कोणाला दोष देऊ नये. "ज्या दिवशी माझ्या वर्गाचे आकडे माझ्याविरुद्ध वापरले जातील, त्या दिवसापासून माझे आकडे फार सुंदर येतील," ती हसत म्हणाली. खोट्या नकाशावरून कोणती तुकडी चालेल?

हे काम एकट्याचे का नाही, हे आजोबांच्या बोलण्यातून कळले. काशीच्या वेदपाठशाळांत संथा देतात. गुरुजी म्हणतात, विद्यार्थी मागोमाग म्हणतो, आणि स्वर चुकला की तिथेच थांबवून दुरुस्त करतात. पाठही असे रचलेले आहेत की चूक लपू नये. जटापाठात शब्दांची तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणावी लागते. नुसते ओघात पाठ असेल तर उलट म्हणताना माणूस अडखळतो. ते ऐकताना मला 42 वजा 18 आठवले. पण गुरुजींसमोर विद्यार्थी मोजकेच असतात, म्हणून प्रत्येकाची चूक कानावर पडते. चाळीस मुलांच्या वर्गात एका कानाला ते जमत नाही. शिवाय आपल्या वर्गाची एखादी चूक रोज बघून डोळ्यांना दिसेनाशी होते. शेजारच्या वर्गाच्या बाईंना ती पटकन दिसते. चौघींनी एकच गठ्ठा वाचायचा तो यासाठी.

अशा बैठकांना नवी इमारत लागत नाही. महाराष्ट्रात 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत चाचण्या आल्या. आसपासच्या शाळांचे शिक्षक केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र येतात. देशपातळीवर 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' सुरू झाले. 2026-27 पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. एकत्र बसण्याच्या जागा आहेत, चाचण्याही आहेत. प्रश्न एवढाच की बसल्यावर फक्त टक्केवारी वाचायची, की वह्या उघडायच्या.

आपल्या शाळेतही प्रत्येक सरावानंतर डीब्रीफ होते. कुठे चुकले, का चुकले, पुढच्या वेळी काय करायचे. चाचणीनंतर मात्र आपण कॅडेट उत्तरपत्रिकेची बेरीज तपासतो, अर्धा गुण वाढतो का ते बघतो आणि ती लॉकरमध्ये कोंबतो. या सत्रात मी एक वही केली आहे. तिच्यात गुण लिहीत नाही, चुका लिहितो, आणि चूक कशी झाली तेही. आमच्या गणिताच्या सरांनी ती दोन दिवस मागून घेतली होती. पालकांनाही एक विनंती. रविवारच्या फोनवर "किती मिळाले?" हे जरूर विचारा, पण त्यानंतर "कुठे चुकलं?" हेही विचारा. माझ्या आईने विचारायला सुरुवात केली आहे.

मागच्या रविवारी मी काकूला फोन केला. 42 वजा 18 घालून झाले होते. नऊ मुलांनी 36 लिहिले, तिघांनी 34. नऊ जणांसाठी काड्यांचे गठ्ठे निघाले. तिघांना रोज पाच गणिते, प्रत्येकात काट मारायची.

"मग आता येतं का त्यांना?" मी विचारले.

"तिघांना येतं. नवांपैकी सहा जणांना येतं," काकू म्हणाली. "उरलेल्या तिघांच्या वह्या घेऊन शनिवारी पुन्हा गच्चीवर बसणार आहोत."